पोस्टरवरची चार मुलं

पहिल्या वर्षाच्या सांख्यिकीत संभाव्यतेचं प्रॅक्टिकल आलं की मी आदल्या दिवशी एक काम देते. एक रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवायचं आणि छापा-काटा ज्या क्रमाने पडेल त्याच क्रमाने लिहून आणायचं. निम्मी पोरं नाणं उडवतच नाहीत. रात्री वही घेऊन बसतात आणि छा, का, का, छा असं मनानेच लिहीत सुटतात. दुसऱ्या दिवशी वह्या टेबलावर आल्या की मी नुसती नजर फिरवून खऱ्या-खोट्यांचे दोन गठ्ठे करते, आणि फारसं चुकत नाही.

खूण सोपी आहे. मनाने लिहिणारा सलग तीन-चार छापे झाले की बिचकतो आणि पुढे काटा घालतो. खरं नाणं बिचकत नाही. शंभर फेकींत कुठे ना कुठे सलग पाच किंवा त्याहून जास्त वेळा तेच पडण्याची संभाव्यता जवळपास ०.९७ आहे, सलग सहा किंवा जास्तची ०.८१ च्या आसपास. खोट्या वहीत एवढा लांब पट्टा क्वचितच सापडतो. हे प्रॅक्टिकल माझ्या फार जिवाभावाचं आहे, कारण पोरांच्या मनातला समज त्यांच्याच अक्षरात कागदावर उतरतो. नाणं मागचं लक्षात ठेवतं आणि पुढच्या फेकीत ते फेडतं, असा तो समज. एरवी तोंडी विचारलं तर शंभरातली शंभर पोरं म्हणतील, ‘नाही मॅडम, प्रत्येक फेक स्वतंत्र असते.’ पाठ असतं ना!

आमचं कॉलेज चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. पुस्तकात पिशवीतले लाल-निळे चेंडू असतात, पत्त्यांचा जोड असतो, दोन फासे असतात. दहावीपासून तीच पिशवी आणि तेच चेंडू. म्हणून मी एक उदाहरण इथलं घेते, सिकलसेलचं, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी, भावकीत, मोहल्ल्यात एखादं लेकरू सांधे धरून रडताना पाहिलेलं असतं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असं तिचं उद्दिष्ट. तेव्हापासून तपासणीची शिबिरं पोरांनी पाहिलेली आहेत. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द बाजारातल्या बोलण्यातही येतात.

गणित असं: आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस, आजाराचं एक जनुक अंगात आहे पण स्वतः रुग्ण नाहीत. दोघांकडून मुलाला एकेक जनुक मिळतं, ए किंवा एस, दोन्हींची शक्यता सारखी. म्हणजे दोन नाणी एकदम उडवल्यासारखंच. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोन्ही छापे पडले तर मूल निरोगी, एक छापा एक काटा तर वाहक, दोन्ही काटे तर एसएस, म्हणजे रुग्ण. १/४, १/२, १/४. इथपर्यंत सगळ्यांना येतं. बारावीच्या जीवशास्त्रात चार घरांची चौकट काढून हेच शिकवलेलं असतं.

मग मी विचारते, अशा जोडप्याला चार मुलं झाली तर त्यांतल्या नेमक्या एकालाच आजार होण्याची संभाव्यता किती? वर्गातून एका सुरात येतं, ‘एक! चारातला एक!’

मग फळ्यावर कष्टाने करून दाखवायचं. समजा अशी २५६ कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाला चार मुलं. हिशोबाने ८१ घरांत एकालाही आजार नाही. १०८ घरांत एकाला. ५४ घरांत दोघांना, १२ घरांत तिघांना आणि एका घरात चौघांनाही. ‘चारातला एक’ जसाच्या तसा उतरला तो २५६ पैकी १०८ घरांत, निम्म्याहूनही कमी. ही पाच संख्यांची ओळ फळ्यावर आली की वर्ग थोडा वेळ गप्प होतो. दरवर्षीच होतो.

त्या दिवशी मात्र तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. पेन्सिलने झाडाची आकृती काढलेली वही हातात तशीच धरून ती म्हणाली, “मॅडम, मंग आमच्या ताईले पुन्हा चारातला एकच? पहिल्याले झाला तरी?”

मागच्या बाकावर कोणीतरी बोलत होतं, तेही थांबलं.

ताई आणि भाटवे, म्हणजे ताईचा नवरा, दोघंही वाहक. पहिला मुलगा एसएस. ताईला आता तिसरा महिना लागलेला. घरात सगळे निर्धास्त होते, कारण चारात एकाला होतो, तो पहिल्याला होऊन गेला, आता बाकीचे सुटले. ही गोष्ट ताईच्या सासूबाईंनी मनाने काढलेली नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांनी ती स्वतः पाहिली होती. ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. वर आई-बाप, खाली रांगेत चार मुलं, एक निरोगी, दोन वाहक, एक रुग्ण.

त्या चित्राचा मला अजूनही राग येतो. चौकटीतली चार घरं म्हणजे *एकाच* मुलाच्या चार शक्यता. एका फेकीचा नमुना अवकाश, म्हणजे काय काय पडू शकतं त्याची यादी. चित्रकाराने प्रत्येक घराच्या जागी एक पोरगं काढलं, आणि एका मुलाच्या चार शक्यतांची चार मुलं झाली. ज्याने हे मंजूर केलं त्याला आजाराची पूर्ण माहिती असणार, पण हे चित्र पाहून घरी जाऊन कोण काय हिशोब मांडेल याचा विचार कुणी केला नाही. एकच मूल काढून शेजारी दोन नाणी काढली असती तरी चाललं असतं. आणि ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरात.

मी तिला सांगितलं, हो, पुन्हा १/४. पहिल्याला झाला म्हणून कमी नाही आणि जास्तही नाही. आणि लगेच दुसरी गोष्ट सांगितली, जी संभाव्यतेच्या धड्यात नसते: इथे वाट पाहत बसायचं कारण नाही, गर्भातल्या बाळाची तपासणी करता येते. साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन ती होते, सगळीकडे होत नाही, पण विचारायला उशीर करू नका. तास संपला तरी पोरं उठली नव्हती. मुलांमधल्या एकाने बाहेर पडताना विचारलं, बोट टोचून करतात त्या तपासणीत एएस की एसएस हे कळतं का? चांगला प्रश्न. ती साधी सोल्युबिलिटी चाचणी असेल तर रक्तात एस आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे पुढच्या तपासणीत ठरतं. मी तेही फळ्यावर लिहिलं. पुढच्या तासाचे सर दारात उभे होते. ‘सिलॅबसमध्ये आहे का हे?’ त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

तिने घरी काय केलं ते तिनेच नंतर सांगितलं, आणि ओळख लागणार नाही अशा बेताने लिहायला हरकत नाही म्हणाली. ती ताईच्या सासरी गेली आणि सासूबाईंच्या हातात दोन नाणी दिली. दोन्ही काटे पडले की कागदावर फुली. पहिल्यांदा फुली पडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “झालं, आता तीन डाव नाही येणार.” पुढच्याच फेकीला पुन्हा दोन काटे. त्यांनी नाणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हे नाणं आहे वं, लेकरू नाही. तक्त्यावर तं चारच पोरं काढले आहेत.” पण भाटवे शेजारी बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी तेच ताईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले, तिथून पुढे पाठवलं. तपासणीत काय निघालं आणि त्यांनी काय ठरवलं ते त्यांच्या घरचं आहे.

मी अडकलेय ती वेगळ्या जागी. भाटव्यांनी १/४ ऐकलं आणि गाडी काढली. सासूबाईंना हिशोब पुन्हा समजावल्यावर त्या म्हणाल्या म्हणे, ‘म्हणजे चारातले तीन हिस्से चांगलंच ना?’ आणि हे चूक नाही. ३/४ हेही खरंच आहे. आकडा दोघांनी बरोबर ऐकला, आणि दोघं दोन दिशांना गेले. आपण संभाव्यता काढायला शिकवतो. काढून झाल्यावर तिचं करायचं काय, हे पहिल्या वर्षाला शिकवायचं की नाही, आणि शिकवायचं तर कोणत्या तासाला, हे मला ठरवता आलेलं नाही.

दोन आठवड्यांनी ती परत आली, वही घेऊन. प्रश्न असा, बाळाला आजार नाही एवढंच कळलं, तर ते वाहक असण्याची संभाव्यता किती? वर्गाला विचारलं. सगळे म्हणाले १/२. मागच्या बाकावरचा तोच बोलघेवडा मुलगा फळ्याकडे आला आणि चौकटीतलं एसएसचं घर त्याने खडूने खोडून टाकलं. उरली तीन घरं, त्यांत दोन वाहक. २/३. सशर्त संभाव्यतेचं सूत्र त्याला लिहिता आलं नसतं. जर्नलही अपुरंच असतं त्याचं, आणि आमच्याकडे बाहेरून येणारे परीक्षक जर्नल पूर्ण आहे का एवढंच पाहतात.

सत्राच्या शेवटी मी तो प्रश्न पेपरात घातला. आई-वडील दोघे वाहक, पहिलं मूल एसएस, तर दुसरं एसएस असण्याची संभाव्यता किती, कारण द्या. माझ्या वर्गातल्यांनी १/४ लिहिलं. दुसऱ्या तुकडीतल्या बहुतेकांनी १/४ गुणिले १/४, उत्तर १/१६ लिहिलं. वर्षभर गाईडातली गणितं सोडवून सोडवून त्यांच्या हाताला वळण पडलंय की दोन घटना दिसल्या की गुणाकार. पहिलं मूल होऊन गेलंय हे प्रश्नातच दिलेलं होतं. पुढच्या सत्रात त्या तुकडीचं प्रॅक्टिकलही मला द्या, असा अर्ज मी विभागात दिला आहे. शंभर वेळा नाणं उडवण्यापासूनच सुरू करीन म्हणते.