नाव घातलेले डबे

आमच्या ओट्यावर सध्या नऊ डबे आहेत आणि त्यातला एकही आमचा नाही. सगळे स्टीलचे, नाव घातलेले. एकावर कुणाच्या तरी सासऱ्यांचं नाव, एकावर लग्नाची तारीख, एकावर नुसतंच 'मामाकडून'. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांचे. माझी केमो सुरू झाल्यापासून आळीपाळीने येतात, आणि परत जात नाहीत.

जात नाहीत, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची, हे आईने शिकवलेलं. पण सगळ्यांना नुसती साखर कशी पाठवायची? म्हणून आपले साठत गेले.

मिरजेच्या माणसाला दवाखान्याचं नवल नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं येतात. त्यांच्या नावाची वानलेसवाडी तर शेजारीच आहे. बाहेरगावच्या किती पेशंटना मीच डबे पोचवलेत. देताना फार हलकं वाटतं. घेणाऱ्याचं काय होत असेल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

दर २१ दिवसांनी सलाईन लागतं. त्यातलं एक औषध रसनेच्या सरबतासारखं लालभडक, नंतर लघवीलाही तोच रंग. मग चार दिवस तोंडाला चव नाही. स्टीलचा चमचा म्हणजे गंजका खिळा चाटल्यासारखं. प्रार्थनेला येणाऱ्या काकू देवाला माझा अख्खा रिपोर्ट वाचून दाखवतात, हिमोग्लोबिनसकट. तोवर खिचडी गार. पण त्या डोक्यावर हात ठेवतात तेव्हा बरं वाटतं, हेही खरंच. केस गेलेल्या डोक्याला हात लावायला बाकीचे जरा कचरतात.

एकीने मात्र विचारलं, "विश्वास कुठं कमी पडतोय का बघ गं." मी काही बोलले नाही. तिचा डबा सगळ्यांत शेवटी उघडला. आत शेंगदाण्याची चटणी. तोंडात फोड आलेल्या माणसाला!

शेजारच्या खाटेवर जतकडच्या एक मावशी असतात. त्यांनाही चमच्याचा त्रास होता. मी पिशवीतला लाकडी चमचा दिला, आणि त्या 'मामाकडून' डब्यात मऊ भात होता, तोही. मी डोळे मिटलेले बघून म्हणाल्या, "तुमच्या येशूला माझंबी नाव सांगा की. आमच्या देवीला मी तुमचं सांगितलंय." मी सांगितलं. आमच्या पाळकसाहेबांना हा व्यवहार कितपत पटेल, विचारलेलं नाही.

पुढच्या खेपेला मावशींनी डबा परत आणला. गच्च भरून, हुलग्याचं पीठ. "माडगं करून प्या, अंगात ताकद येती." निम्मं मी काढून घेतलं आणि डबा तसाच ज्यांचा त्यांना धाडून दिला.

संध्याकाळी काकूंचा फोन. "अगं, हुलग्याचं पीठ? तुझ्याकडं कुठनं आलं?"