पाकोळ्यांचं लाकडी घर: सगळा खेळ सहा सुताच्या फटीचा

पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वाघळं या घरात येणार नाहीत. ती फळं खाणारी, झाडावर उघड्यावर राहणारी. परसात घर करायचं ते पाकोळ्यांसाठी, म्हणजे तिन्हीसांजेला दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या, किडे खाणाऱ्या बारक्या वटवाघळांसाठी. पिपिस्ट्रेल जातीची पाकोळी वजनाला जेमतेम काही ग्रॅम. कौलाखाली, भिंतीच्या भेगेत किंवा एखाद्या पाटीमागे ती अंग चेपून बसते. तिला खोकं नको, फट हवी. माझ्या पहिल्या घरात आतली जागा दीड इंच होती, त्यात पालींनी संसार मांडला. दुसऱ्यात ती ६ सूत, म्हणजे पाऊण इंच ठेवली. सुताराला हे दोनदा सांगावं लागतं, कारण त्याच्या डोळ्यापुढे चिमणीचं घरटं असतं.

वखारीतून जुन्या सागवानाची ८ इंच रुंद, ६ सूत जाड फळी १२ फूट घेतली. पाडलेल्या घराचा माल चांगला, त्याचं वाळणं-पिळणं आधीच होऊन गेलेलं असतं. साधा प्लाय पावसात पापुद्रे सोडतो. पाठीसाठी ३० इंचांचे दोन तुकडे उभे शेजारी लावले की १६ इंच रुंदी मिळते. पुढच्या बाजूला १६ इंचांचे तीन तुकडे आडवे, त्यातला सगळ्यात खालचा साडेसात इंच रुंद. छपराला २० इंचांचा एक. शिवाय दीड इंच रुंद, ६ सूत जाडीची पट्टी: माथ्याला १६ इंच आणि दोन्ही बाजूंना साडेबावीस इंच. फटीचं माप या पट्टीच्या जाडीवरच ठरतं, म्हणून तिला रंधा मारताना हात आवरायचा.

जोडणीआधी पाठीच्या आतल्या अंगावर करवतीने आडव्या खाचा पाडायच्या, दर ४ सुतांवर एक, खोली अर्धं सूत. खालचे ६ इंच पुढच्या फळीखाली मोकळे राहतात. पाकोळी आधी तिथे चिकटते आणि मग वर सरकत जाते, म्हणून खाचा तिथेही हव्यात. हे काम कंटाळवाणं आहे. ते टाळायला काही जण जाळी ठोकतात, पण तारेच्या जाळीने पंखाचा पडदा फाटतो आणि प्लास्टिकची जाळी ढिली पडली की पाकोळी तिच्यामागे अडकते.

पाठीच्या दोन फळ्या मागून ४ सूत जाडीच्या दोन आडव्या पट्ट्यांनी जोडल्या. इथे स्क्रू १ इंचाचाच. दीड इंची घातला तर टोक आत फटीत निघतं. बाकी ठिकाणी सव्वा इंची स्टेनलेस स्क्रू, आणि आधी बारीक भोक पाडल्याशिवाय एकही नाही, नाहीतर जुनं सागवान टोकाला उकलतं. पुढच्या वरच्या दोन फळ्या एकमेकींना भिडवायच्या. तिसरी लावताना मध्ये ४ सूत मोकळी जागा सोडायची, तीच हवेची खिडकी. ती सोडून सगळे सांधे आणि माथा अ‍ॅक्रिलिक सीलंटने बंद. छप्पर पुढे उतरतं.

रंग फक्त बाहेरून, पाण्यात मिसळणारा, तीन हात. आत रंग, पॉलिश, तेल काही नाही. वाळवीचं औषध तर मुळीच नाही. सुतार सवयीने ब्रश फिरवतो, तेव्हा समोर उभं राहावं. नागपूर-चंद्रपूरकडे रंग पांढराच हवा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पाकोळ्यांच्या, विशेषतः पिल्लांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पश्चिमेची भिंत बाद. सकाळचं ऊन घेणारी पूर्वेची भिंत धरावी.

घर भरतं आठ-नऊ किलो. मागच्या पट्ट्यांतून चार फास्टनर मारून ते १२ ते १५ फूट उंचीवर बसवलं. पाकोळी खाली झोकून देऊन उडते, त्यामुळे खाली कपड्यांची दोरी, फांदी, पत्रा काही नको. झाडावर लावू नये: सावली, फांद्यांची अडचण, वर मांजर आणि साप. रस्त्याचा दिवा तोंडावर पडत असेल तर जागा बदलावी.

मग वाट पाहायची. दोन वर्षंही लागतात, कधी कोणी येतच नाही. डास संपतील या आशेने मात्र हा खटाटोप करू नये. पाकोळ्या डास खातात, तसे पतंग आणि बारीक भुंगेरेही खातात. वर्षातून एकदा, घर रिकामं आहे याची बॅटरी मारून खात्री करून, गांधीलमाश्यांचं मातीचं घर आणि जळमटं लांब काठीने काढतो. पाकोळी खाली पडलेली दिसली तर उघड्या हाताने उचलायची नाही. चावली तर रेबीजचा धोका असतो.

वस्ती झाली की नाही, हे जमिनीवर कळतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या की काडीने दाबून बघायचं. उंदराची कडक राहते. पाकोळीची लगेच भुगा होते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमचमणारे कण दिसतात.