शांत वेळेत चित्रं बघायला जाताना

मी ऑटिस्टिक आहे; निदान मोठेपणी झालं. चित्रांचं वेड मात्र आधीपासूनचं. तरीही कलासंग्रहालयात जायचं ठरलं की आदल्या रात्री झोप लागायची नाही. गुळगुळीत फरशीवर घुमणारी पावलं, कुठल्यातरी दालनातून सतत ऐकू येणारा व्हिडिओचा तोच तो तुकडा, अत्तरांचे वास, मागे खेटून उभी राहणारी माणसं. चित्रापाशी पोचेपर्यंत बघायची ताकदच संपलेली असायची.

एका संग्रहालयानं 'सेन्सरी-फ्रेंडली', म्हणजे आवाज, उजेड, गर्दीचा त्रास होणाऱ्यांना सोसेल अशी सकाळ ठेवल्याचं कळलं. नेहमीच्या वेळेआधी दार उघडणार, लोक मोजके, आवाज बंद. लगेच नाव नोंदवलं नाही, आधी ईमेल पाठवली. पहिलं उत्तर आलं ते व्हीलचेअर आणि रॅम्पबद्दल. ती सोय हवीच, पण मी विचारलं होतं वेगळंच. मग प्रश्न सुटे सुटे करून पुन्हा लिहिले. लखलखणारे दिवे किंवा अचानक सुरू होणारा आवाज असलेली कलाकृती कोणत्या दालनात आहे? स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र आहे की कागद? मध्येच बाहेर जाऊन त्याच तिकिटावर परत येता येतं का? हेडफोन घालून रक्षकाशी बोललं तर चालेल का? या वेळी उत्तर मुद्देसूद आलं, सोबत एक सचित्र माहितीपत्रकही.

हे माहितीपत्रक म्हणजे सोशल स्टोरी. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेनं 1990 च्या सुमारास ही पद्धत मांडली. पुढे काय घडणार आहे ते क्रमानं, साध्या वाक्यांत आणि फोटोंसह आधीच सांगायचं. 'दारात रक्षक बॅग उघडायला सांगतील. चित्राच्या फार जवळ गेल्यास बीप असा आवाज येईल. तुम्ही कधीही बाहेर जाऊ शकता.' काहींना हे पोरकट वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या सोयीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. बीप ऐकून दचकायला होतं ते तो अनपेक्षित असतो म्हणून. तो होणार हे माहीत असलं की निम्मा त्रास तिथेच संपतो.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम तर शांत आणि कमी गर्दीच्या जागा दाखवणारा सेन्सरी नकाशाच देतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाचा 'मॉर्निंग ॲट द म्युझियम' हा उपक्रमही असाच, दार सगळ्यांसाठी उघडण्याआधीचा. मी जाणार होते त्या संग्रहालयाकडे असा नकाशा नव्हता, म्हणून मी साध्या नकाशाची प्रत काढून त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या: बसायचे बाक, शांत खोली, बाहेर पडायची दारं.

पहिलं दालन निवडलं ते रेखाचित्रं आणि जलरंगांचं. त्याला कारण आहे. कागदावरची कामं प्रकाशानं खराब होतात, म्हणून तिथे साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवायची पद्धत आहे. तैलचित्रांना 200 च्या आसपास चालतो. म्हणजे कुठलाही खास कार्यक्रम नसला तरी कागदाचं दालन मंदच असतं. उजेडाचा त्रास होणाऱ्या कुणालाही मी आधी तिकडेच जायला सांगते. डोळे स्थिरावले की मग पुढे.

सकाळ पूर्ण शांत मात्र नव्हती. एक मुलगा आनंदानं टाळ्या वाजवत, मोठ्यानं ओरडत दालनभर फिरत होता. त्याची आई कानकोंडी होऊन माझ्याकडे बघत होती. तिला मी मान हलवून 'असू दे' म्हटलं, आणि ते मनापासून होतं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसोपचार नियमावलीत, ऑटिझमच्या निकषांत संवेदनांचा मुद्दा आला तो दोन्ही बाजूंनी: कुणाला आवाज-उजेड फार जाणवतो, कुणाला कमी जाणवतो आणि म्हणून ते माणूस तो शोधत फिरतं. त्या मुलाला ओरडण्याची गरज होती, मला शांततेची. दोघांपैकी कुणीच नखरे करत नव्हतं. पण एकच सकाळ दोघांना कशी पुरणार?

छातीत धडधड वाढायला लागल्यावर मी शांत खोलीत गेले. मंद दिवा, जमिनीवर गाद्या, एक जड पांघरूण. दाराशी बसलेल्या स्वयंसेवक बाईंनी काही विचारलं नाही, माझ्याकडे रोखून बघितलं नाही. किती वेळ बसलात, बरं वाटतंय का, असलं काही नाही. या न विचारण्याचं प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं असेल तर त्या माणसाचे मला आभार मानायचे आहेत.

बाहेर आले तेव्हा तैलचित्रांच्या दालनात कुणीच नव्हतं. एका छोट्या स्थिरचित्रासमोर उभी राहिले. धातूचा पेला, अर्धवट सोललेलं लिंबू. पेल्याच्या काठावरची चमक लांबून पांढरी दिसते. जवळून पाहिली तर तिच्यात फिकट पिवळा आहे, लिंबाचाच, परावर्तित झालेला. खालच्या कोपऱ्यात रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळलेला होता. उभ्या उभ्या मी हलकेच डोलत होते, बोटं एकमेकांवर घासत होते. घराबाहेर एरवी हे मी दाबून ठेवते आणि त्यातच निम्मं लक्ष जातं. तिथे दाबायची गरज नव्हती, आणि ते सगळं लक्ष चित्राला मिळालं.

नेहमीची दारं उघडायच्या थोडं आधी निघाले. दालनात हलक्या झालेल्या जिवावर दुकान आणि उपाहारगृहातला झगझगीत उजेड मला नको होता, म्हणून नकाशावर खूण केलेल्या बाजूच्या दारानं बाहेर पडले.

नंतर संग्रहालयाला लिहिलं. कौतुक केलं, आणि मागणीही. असे उपक्रम बहुतेकदा मुलं असलेल्या कुटुंबांसाठी आखले जातात. ऑटिस्टिक मुलं मोठी होतात आणि एकटी चित्रं बघायला येतात, त्यांच्यासाठी एखादी वेगळी संध्याकाळ ठेवा. त्या मुलासाठी मोठ्यानं वावरता येईल असं एक दालनही राखा. आणि सोशल स्टोरी फक्त त्या सकाळपुरती न देता वर्षभर सगळ्यांना मिळू द्या. तिला खर्च जवळजवळ नाहीच. माहितीपत्रक कायम उपलब्ध करू असं त्यांनी कळवलंय. वेगळ्या संध्याकाळचा विचार चालू आहे म्हणतात. मी पाठपुरावा करणार आहे.