आप्पांचा 'पण' आणि माझी व्हर्बल

परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीची जीआरई परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा पेपर संपताच पडद्यावर आकडे आले. क्वांट म्हणजे गणित 164, व्हर्बल म्हणजे इंग्रजी भाषा 143. मामा फोनवर खूश, "दीडशेला सातच कमी की!" गणती मुळात 130 पासूनच सुरू होते आणि 170 ला संपते, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

चूक कुठे झाली हे मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. शब्द कमी पडले! जळगावच्या क्लासमध्येही तेच सांगितलं होतं: रोज तीस शब्द पाठ. मी केलेही. रावेर तालुक्यात शेत, मोटारीला लाईट येणार रात्री, त्यामुळे केळीला पाणी देता देता टॉर्चच्या उजेडात चिठ्ठ्या घोकायचो. हजाराच्या वर शब्द झाले. तरी सराव परीक्षेत 145. दोन महिन्यांची मेहनत आणि दोन गुण.

मग एका सकाळी व्यापारी बाग बघायला आला. ओट्यावर चहा झाला. "आप्पा, माल एक नंबर आहे. घड भरलेत, लांबीही चांगली आहे, पण..." एवढ्यावर आप्पांनी कप खाली ठेवला. पुढचं ऐकायच्या आधीच त्यांना कळलं होतं, की आता पानांवरचा करपा निघणार आणि जाहीर भावापेक्षा कमी बोललं जाणार. आधीचं सगळं कौतुक त्या एका 'पण'ने पुसलं.

मी खोलीत जाऊन चुकलेले प्रश्न काढले. मी रिकाम्या जागेला थेट पर्याय लावून बघत होतो, वाक्य कुठे वळतंय ते बघतच नव्हतो. 'जरी', 'असे असूनही', 'वरवर पाहता', 'तर दूरच' या अर्थाचे इंग्रजी शब्द समोर असायचे आणि मी त्यांच्यावरून उडी मारून अवघड शब्दाकडे पळायचो. त्या दिवसापासून पर्याय हाताने झाकायला लागलो. आधी वळण शोधायचं, मग गाळलेल्या जागी आपला साधा मराठी शब्द बसवायचा, 'चिडखोर' किंवा 'कंजूष' असा, आणि त्यानंतरच पर्याय उघडायचे. तीन जागांच्या प्रश्नात हे फार कामाला आलं, कारण तिथे तिन्ही बरोबर आल्या तरच गुण, दोन जमल्या म्हणून काहीच मिळत नाही. सहांतून दोन निवडायच्या प्रश्नातही माझी खोड मोडली. समानार्थी जोडी दिसली की मी टिचकी मारायचो. ती जोडी त्या वाक्यात बसतच नाही, हे नंतर दिसायचं.

शब्दांचं म्हणाल तर अवघड शब्दांनी मला फार कमी बुडवलं. बुडवलं ते ओळखीच्यांनी. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, पण तिथे अर्थ 'थकणं, जोर ओसरणं'. 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. 'सँक्शन' तर मंजुरीही आणि बंदीही! अशांची वेगळी वही केली.

उताऱ्यांचा त्रास वेगळाच होता. व्हर्बलमधले जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवर. एकदा पिकावरच्या किडीचा उतारा आला आणि मला आनंद झाला, हे तर आपलं घरचं! चारपैकी तीन चुकले. मी शेतातलं खरं उत्तर देत होतो, उताऱ्यातलं नाही. लेखकाने 'काही ठिकाणी' म्हटलं होतं, पर्यायात 'नेहमी' होतं, आणि माझ्या अनुभवाने ते 'नेहमी' खपवून घेतलं. तेव्हापासून ज्या ओळीवर बोट ठेवता येत नाही, तो पर्याय बाद.

वेळेचा हिशेबही चोख केला. 2023 च्या सप्टेंबरपासून परीक्षा लहान झाली आहे. व्हर्बलचे दोन भाग, पहिला 12 प्रश्नांना 18 मिनिटं, दुसरा 15 ला 23. पहिला कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून लांब उतारा शेवटी ठेवायचो. मागे-पुढे जाता येतं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामं काहीच सोडायचं नाही.

दोन प्रयत्नांत 21 दिवसांचं अंतर लागतं. मी चार महिने घेतले. घरून देण्याचीही सोय आहे, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, ही अट आमच्या घरात कशी पाळणार? शिवाय लाईटचा भरवसा नाही. म्हणून पुन्हा भुसावळहून रात्रीची गाडी आणि पुणं.

या वेळी व्हर्बल 155. बाहेर येऊन आप्पांना फोन लावला. "आप्पा, 155 आले. मागच्यापेक्षा बारा जास्त. चांगलंच आहे, पण..."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"बोल," आप्पा म्हणाले, "किती कापतोय?"