आज भूमितीचा रविवार

लेकीची दहावी, त्यामुळे सकाळपासून घरात फक्त भूमिती. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना. कंपासचा स्क्रू ढिला, अर्ध्यातच पाय घसरायचा आणि वर्तुळाचा बटाटा व्हायचा. शेवटी स्क्रूला दोरा गुंडाळला तेव्हा कुठे जमलं. पेपर 40 मार्कांचा, वेळ 2 तास, त्यात हे असले कंपास!

दुपारी विज्ञान. पाणी 0 ते 4 अंशांपर्यंत तापवलं तर चक्क आकुंचन पावतं, हे मला काही केल्या पटेना. "अहो बाबा, म्हणून तर तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात!" मी आपला चहा टाकायला उठलो. (माझे विज्ञानाचे मार्क कृपया विचारू नयेत.)

आता रात्रीचे 11. ती प्रमेय पुटपुटतेय, मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक करतोय.