नागरिकशास्त्राचा तास आणि आबा

विधानसभेत 288 आमदार असतात हे आम्हा दहावीच्या पोरांना तोंडपाठ होतं. आमदार नेमकं करतो काय, हे मात्र आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी पुस्तक मिटून सांगितलं. उदाहरणासाठी त्यांना लांब जावं लागलं नाही. तासगावचे आमदार आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, तेव्हा राज्याचे ग्रामविकासमंत्री होते आणि त्यांचं अंजनी गाव आपल्याच तालुक्यातलं.

जन्म 1957 चा, घरची परिस्थिती बेताची, सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका, पुढं वकिलीची पदवी. एवढं सर भराभर सांगत आणि 1979 वर येऊन थांबत. त्या साली आबा सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि 1990 ला पहिल्यांदा आमदार होईपर्यंत तिथंच राहिले. सर या अकरा वर्षांवर एवढे का रेंगाळतात, ते आम्हाला कळत नसे. आज ग्रामसेवक म्हणून काम करताना कळतं. गळक्या शाळाखोल्या, नळयोजनेचं थकलेलं वीजबिल, मंजूर होऊनही न झालेला रस्ता, हे सगळं झेडपीत रोज समोर येतं. आपल्या जिल्ह्यात मोठं राजकारण म्हटलं की मागं साखर कारखाना, बँक नाहीतर शिक्षणसंस्था हवीच. आबांकडं यातलं काही नव्हतं. भाषण होतं आणि खालपासूनची माहिती होती. 1995 ला युतीचं सरकार आलं, आबा विरोधी बाकावर बसले आणि या दोन गोष्टींच्या जोरावर सभागृहात त्यांचं नाव झालं.

2000 साली आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि आमचं नागरिकशास्त्र वर्गाबाहेर आलं. सकाळी प्रार्थनेआधी खराटे घेऊन आम्ही वेशीपर्यंत जायचो. मोठी पोरं हापशाजवळ शोषखड्डे खणायची, मुली भिंतींवर घोषवाक्यं रंगवायच्या. शाळेत नखं तपासली जायची आणि घरी गेल्यावर आम्ही वडीलधाऱ्यांची तपासायचो! गावं एकमेकांशी चुरशीनं उतरली होती. तपासणी समिती येणार म्हटलं की एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका गटारीत उतरून गाळ काढत.

आता त्या योजनेकडं कामाच्या नजरेनं पाहतो तेव्हा तिचं मोठेपण जास्त जाणवतं. आधी अनुदान आणि मग काम, ही सरकारी रीत तिनं उलटी केली. गावानं वर्गणी काढायची, श्रमदान करायचं, गुण मिळवायचे आणि बक्षीस नंतर. बक्षीस थोड्याच गावांना मिळालं, पण गटारी सगळ्यांच्या वाहत्या झाल्या. आणि संडास! अंधार पडायची वाट पाहत दिवस काढणाऱ्या आमच्या आयाबहिणींचा प्रश्न चारचौघांत, ग्रामसभेत, मोठ्या आवाजात बोलला जाऊ लागला. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार 2003 मध्ये आला. महाराष्ट्रातली गावं त्याच्या आधीच कामाला लागली होती. काही गावं बक्षिसानंतर पुन्हा ढिली पडली, हेही मी पाहिलं आहे. तरी एकदा बांधलेला संडास कुणी पाडला नाही.

राज्यभर आबा ओळखले गेले ते गृहमंत्री म्हणून. 2005 ची डान्सबारबंदी गाजली, 2007 ची तंटामुक्त गाव मोहीमही. माझ्या लेखी मात्र खराट्याचं काम त्याहून मोठं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तोंडून गेलेल्या, हल्ल्याला किरकोळ ठरवणाऱ्या एका वाक्यामुळं डिसेंबर 2008 मध्ये त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ते वाक्य चुकीचंच होतं आणि राजीनामा योग्यच होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो. तालुक्यात तसं म्हणणं सोपं नव्हतं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले, पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी घेतलं. नक्षलग्रस्त जिल्हा मागून घेणारे मंत्री फार नसतात.

पाण्याचं दुखणं मात्र उरलं. टँकरनं पाणी घालून द्राक्षबागा जगवणाऱ्या पूर्व भागाला उपसा योजनांची वाट फार वर्षं पाहावी लागली. सलग सहा वेळा निवडून दिलेल्या आमदाराकडून लोकांनी याहून जास्त अपेक्षा केली, तर ती रास्तच होती. 16 फेब्रुवारी 2015 ला आबा गेले. वय अवघं 57. दुसऱ्या दिवशी अंजनीची वाट माणसांनी भरून गेली होती. त्या गर्दीत विरोधात मतदान करणारेही मला भेटले.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला एक विनंती आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्यातल्या एका तरी सभेला नववीच्या मुलामुलींना घेऊन या. ती कोरमअभावी तहकूब झाली तरी चालेल, पोरांना तेही दिसू दे. माझ्या ग्रामपंचायतीत सतरंजीवर जागा मी राखून ठेवीन आणि जमाखर्चाची वही त्यांच्यासमोर उघडून बसेन. काय विचारायचं ते त्यांनी विचारावं.