मढे घाटात ड्रोन पडला: सेटिंग घरी बघा, नळीत उतरू नका

आधी निकाल सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या मढे घाटाच्या कड्यावर ड्रोन उडवायला जाणार असाल तर घरीच बसून ॲपमधला हवेत मोटर बंद करण्याबद्दलचा एक पर्याय तपासा, मगच गाडी काढा. मी तपासला नव्हता. त्यापायी अख्खा रविवार गेला, उजवा गुडघा गेला आणि बुधवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानांत चांगलाच खिसा रिकामा झाला. जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो, तेव्हा सूर कडवट लागला तर चालवून घ्या.

शनिवारी दुपारी चारपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. नसरापूर फाटा, वेल्हे, केळद. रस्ता ठीक, पिठलं-भाकरी ठीक, धबधब्याला पाणी ठीक. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पेट्रोल नसरापूरलाच भरा. केळदला रेंज मिळेल असं धरून चालू नका, ॲपमधला नकाशा पुण्यातच उतरवून ठेवा.

तोरण्यावर किंवा राजगडावर का नाही उडवला, असं भाच्यानेही विचारलं. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे, आणि कुठल्याच गडावर परवानगी न काढता ड्रोन उडवायच्या भानगडीत पडू नये. सिंहगड-खडकवासल्याकडे एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, शहरात लोहगावचा हवाई दलाचा तळ. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जिथे हिरवा रंग दिसतो तिथेच जायचं, आणि हिरव्यातसुद्धा जमिनीपासून १२० मीटरच्या वर नाही.

ड्रोन जुना घेतलेला, २४९ ग्रॅमचा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद आहे, त्यामुळे हौशी माणसाच्या हाती बहुतेक वेळा असाच कुणाचा तरी वापरलेला येतो. विकणारा म्हणाला, "सर, काही बघायचं नाही. डबा उघडा आणि उडवा." हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर डबा उघडा, पण उडवू नका.

आता मुद्द्याचं. बहुतेक ड्रोनमध्ये मोटर सुरू-बंद करायची एक खूण असते: रिमोटच्या दोन्ही स्टिक एकाच वेळी खाली आणि आतल्या कोपऱ्यात, किंवा खाली आणि बाहेरच्या कोपऱ्यात ओढायच्या. जमिनीवर असताना ठीक आहे. हवेत असताना काय होतं, ते सेटिंगवर अवलंबून. एक पर्याय "फक्त आणीबाणीत", म्हणजे धडक बसली, एखादी मोटर अडकली, यंत्र गिरक्या घ्यायला लागलं किंवा ताबा सुटून सरसर वरखाली जायला लागलं, तरच ती खूण मानायची. दुसरा पर्याय "कधीही". माझ्या यंत्रात आधीच्या मालकाने "कधीही" ठेवलं होतं. का, ते त्यालाच ठाऊक.

तुम्ही म्हणाल, दोन्ही अंगठे एकदम कोपऱ्यात कोण नेईल? मीही हेच म्हणायचो. पण नेहमीच्या मांडणीत डाव्या स्टिकवर चढ-उतार आणि गिरकी (जागच्या जागी वळणं) असते, उजवीवर पुढे-मागे आणि आजूबाजूला. धबधबा चौकटीत ठेवून त्याच्याभोवती डावीकडे घिरटी घालायची तर उजवी स्टिक डावीकडे आणि डावी स्टिक उजवीकडे. त्यात पाण्याबरोबर खाली यायचं म्हणून डावी खाली. दरी उलगडत जावी म्हणून मागे सरकायचं, म्हणून उजवीही खाली. झालं! दोन्ही स्टिक खाली, दोन्ही आत. घिरटी उजवीकडून घातली तर दोन्ही खाली आणि बाहेर, म्हणजे तीच खूण दुसऱ्या अंगाने. धबधब्याचं सगळ्यात देखणं दृश्य आणि मोटर बंद करायचा हुकूम, बोटांच्या हिशोबात दोन्ही एकच.

एरवी माणूस स्टिक टोकापर्यंत दाबत नाही म्हणून निभावतं. मढे घाटात दाबतो, कारण वारा. कोकणातून आलेलं वारं कड्याला आपटून सरळ वर चढतं. माझा ड्रोन खाली यायलाच तयार नव्हता. मी स्टिक खाली, आणखी खाली, शेवटी टेकेपर्यंत खाली. त्यात कुणीतरी शिकवलेलं की सरळ खाली आणू नये, पंख्यांनी ढकललेल्या स्वतःच्याच हवेत यंत्र डुचमळतं, तिरकं सरकत आणावं. सल्ला बरोबर आहे. त्याच बरोबर सल्ल्याने माझा दुसरा अंगठाही कोपऱ्यात गेला.

आवाज थांबला. एवढंच. पडद्यावर आकाश, कडा, आकाश, कडा, मग कारवीची झुडपं, मग काळं. नंतर नोंदी बघितल्या तर चार सेकंद निघाले. हवेचा अडथळा सोडला तर चार सेकंदांत वस्तू ७८ मीटर पडते. काही यंत्रांत तीच खूण पुन्हा केली की मोटर चालू होते म्हणतात, पण त्या चार सेकंदांत मी फक्त "अरे अरे" म्हणत होतो.

वाचवलं एका गोष्टीने: ॲपमध्ये शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश उरले होते. लगेच कागदावर उतरवून घ्या. फोनची बॅटरी उतरली की मग नुसतं दरीकडे बघत बसायचं.

रविवारी सकाळी सातला मी आणि भाचा निघालो ते थेट धबधब्याशेजारच्या नळीत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत. वर भेटलेल्या एका ग्रुपमधला एकजण छातीठोकपणे म्हणाला होता, "नळीने वीस मिनिटांत खाली." त्याला माझा साष्टांग नमस्कार. पहिले पन्नास फूट बरे, मग शेवाळ, मग घसारा. ज्या दगडावर पाय ठेवावा तो दगडच पायाबरोबर निघतो, आणि धरायला कारवी, जी मुळासकट हातात येते. पुरुषभर उंचीचा एक टप्पा बसून उतरलो, तिथेच गुडघा आपटला. त्याखाली दुसरा टप्पा, आणि त्याखाली काय आहे ते दिसेना. भाचा वरूनच म्हणाला, "मामा, ड्रोन नवीन मिळेल." परत चढायला पाऊण तास. दोर नसेल तर त्या नळीत जाऊ नका. दोर असेल तरी ड्रोनसाठी जाऊ नका.

मग केळदमध्ये गेलो. एका आबांना कागदावरची जागा नकाशावर दाखवली. त्यांनी नकाशाकडे बघितलंच नाही, विचारलं, "पाण्याच्या उजव्या अंगाला का डाव्या?" मग म्हणाले, "नळीतनं कोन जातंय सायेब? गुरंबी जात न्हाईत." ६०० रुपये मागितले. आधी महाग वाटले, अर्ध्या तासाने स्वस्त. घाटाच्या जुन्या वाटेनेच उतरायचं. तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठ्याला नेला तो याच वाटेने, म्हणून मढे घाट, असं सांगतात. वाट मळलेली आहे. उतरून आडवं कारवीत शिरायचं, हातात काठी आणि कोयता, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. उतरून शोधायला अडीच तास, परत चढायला दोन. दोघांत चार लिटर पाणी नेलं, कमी पडलं. माणशी तीन धरा.

ड्रोन कारवीवर उलटा अडकला होता. एक हात मोडलेला, कॅमेऱ्याचा गळा वाकडा, बाकी बरंचसं शाबूत. बॅटरी फुगली होती. पडलेली बॅटरी सॅकमध्ये कपड्यांत घालू नका, लिथियमची बॅटरी मार बसल्यावर तासाभरानेही पेट घेऊ शकते. आम्ही ती भाकरीच्या स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा काठीला बाहेर बांधला. आबांना त्याचं फार हसू आलं.

दुरुस्ती. पहिल्या दुकानाने बघताक्षणी १४,००० सांगितले, "ओरिजनल पार्ट" या दोन शब्दांवर. मी सुटा हात दाखवा म्हटल्यावर दाखवेनात. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याने ४,८०० मध्ये समोर बसून केलं आणि जुना भागही हातात दिला. जुना भाग परत मिळणार का, हे आधी विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला की उठा.

परत जाल तेव्हा एवढं करा. सेटिंग "फक्त आणीबाणीत" वर. बॅटरी बसवताना खटका दोन्ही बाजूंनी वाजला का ते बघा, तिथूनही हवेत वीज तुटते. घिरटी आणि उतरणं एकत्र करू नका, आधी एक, मग दुसरं. ॲपमध्ये आपोआप घिरटी घालायची सोय असेल तर ती वापरा, अंगठ्यांची हौस पठारावर भागवा. आणि वारा वर ढकलत असेल तर स्टिकशी झटापट न करता ड्रोन कड्यापासून शंभर-दीडशे मीटर आत आणा. तिथे तो जोर राहत नाही, गुमान उतरतो. डीजेआय कंपनीच्या जुन्या फँटम ४ ड्रोनमध्ये हवेत मोटर बंद करायला डावी स्टिक कोपऱ्यात आणि शिवाय घरी परतायचं बटण, असं दोन्ही एकदम दाबावं लागायचं. चुकून होणं कठीण. ही अक्कल सगळीकडे का नाही, हे मला कोडंच आहे.

चित्रण वाचलं. शेवटची चार सेकंदं सोडून सगळं सुंदर आहे, आणि भाचा सगळ्यांना तीच चार सेकंदं दाखवत फिरतो. चार पात्यांपैकी तीनच मिळाली. कारवीत नारिंगी टोकाचं पातं दिसलं तर ते माझं आहे. ठेवून घ्या, त्यासाठी मी परत उतरणार नाही.